थोड्या दिवसांचे अश्मयुग

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. इतरांबरोबर मीही रांगेत उभा राहिलो, रक्त दिले आणि विसरून गेलो. दोन दिवसांनी कागद हाती आला. उपाशीपोटीची साखर ११८ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "हा अजून मधुमेह नव्हे, पण त्याच्या वेशीवर तुम्ही आला आहात. गोळ्यांची घाई नको. वजन उतरवा, चाला आणि खाण्याकडे जरा लक्ष द्या."

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला असतो. त्याच्या कानावर ही बातमी गेली. तो म्हणाला, "सर, तुम्ही तर इतिहास शिकवता. मग अश्मयुगातला माणूस खात होता तसं एकवीस दिवस खाऊन बघा. भाकरी, भात, डाळ, दूध, साखर सगळं बंद. मांस, मासे, अंडी, भाजीपाला, कंद, फळं एवढंच. याला पॅलिओ डाएट म्हणतात."

मला प्रथम हसू आले. मग वाटले, ज्या युगावर आपण वर्षानुवर्षे तासिका घेतो त्या युगाचे ताट एकदा स्वतः समोर घेऊन बसायला काय हरकत आहे? म्हणून मी तो प्रयोग केला. त्या निमित्ताने पुष्कळ वाचलेही. आज त्यातले काही तुमच्यापुढे मांडणार आहे. भाकरी सोडावी की न सोडावी हा प्रश्न आता केवळ शहरी हौसेचा राहिलेला नाही. मधुमेह खेड्यापाड्यांतही पोचला आहे, आणि मोबाईलवर रोज कोणी ना कोणी नवा उपाय सांगतच असतो.

आधी ही कल्पना आली कुठून ते पाहू. ती जन्माला आली अमेरिकेत. १९७५ साली वॉल्टर व्हेग्टलिन नावाच्या पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांनी अश्मयुगीन आहारावर एक पुस्तक काढले. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८५ साली मात्र बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन विद्वानांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पुराश्मयुगीन पोषणावर लेख लिहिला, आणि विषय गंभीर झाला. ईटन हे डॉक्टर, कॉनर हे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाच्या जातीने लाखो वर्षे शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून पोट भरले. शेती आली ती अवघ्या दहा-बारा हजार वर्षांपूर्वी. एवढ्या थोड्या काळात शरीराची घडण बदललेली नाही. शरीर जुने आणि अन्न नवे, या विजोडातून मधुमेह, हृदयविकार असे आजार होतात. पुढे २००२ साली लॉरेन कॉर्डेन या प्राध्यापकांच्या पुस्तकाने ही गोष्ट घरोघरी नेली. धान्य नको, कडधान्य नको, दूधदुभते नको, साखर नको, मीठही बेताचे, असे नियम ठरले.

युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की अश्मयुग म्हणजे नेमके कोणते आणि कुठले?

आपल्याच महाराष्ट्राचे बघा. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या थरांत डॉ. सांकलिया यांना पुराश्मयुगातली दगडी हत्यारे सापडली. प्रवरेच्या काठी नेवासे येथेही सापडली. ती काही लाख वर्षांपूर्वीची आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. तेथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. म्हणजे खानदेशात त्या काळी शहामृग हिंडत होते! लाखो वर्षांच्या या अवधीत हवा बदलली, जनावरे बदलली, झाडोरा बदलला. मग गोदाकाठचा माणूस, खानदेशातला माणूस आणि बर्फाळ युरोपातला माणूस एकच ताट जेवत होते असे कसे म्हणावे? अश्मयुगाला एक जेवण नव्हते, शेकडो होती.

तरीसुद्धा प्रयोग करून पाहणारी माणसे झाली, आणि त्यांचे प्रयोग उद्बोधक आहेत. तीन सांगतो.

पहिला प्रयोग पॅलिओ हे नाव रूढ होण्याच्या पुष्कळ आधीचा. विल्ह्यालमुर स्टेफानसन हे उत्तर ध्रुवाकडचे नामांकित संशोधक. त्यांनी एस्किमो म्हणजे इन्यूइट लोकांत कित्येक वर्षे काढली होती. तिकडे शेती नाही, भाजी जवळजवळ नाही. सील, मासे, रानटी सांबरासारखी कॅरिबू नावाची जनावरे यांवर माणसे जगत. स्टेफानसन परत येऊन सांगू लागले की केवळ मांस खाऊन माणूस धडधाकट राहतो. डॉक्टरांना हे पटेना. शेवटी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात स्टेफानसन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन स्वतःच दाखल झाले. डॉ. युजीन ड्यू बॉय यांच्या देखरेखीखाली दोघांनी वर्षभर फक्त मांस खायचे ठरवले. काही आठवडे इस्पितळात, नंतर बाहेर राहून, पण तपासण्या चालूच.

सुरुवातीला एक गंमत झाली. डॉक्टरांनी स्टेफानसन यांना चरबी काढलेले निव्वळ मांस दिले. दोन-तीन दिवसांतच त्यांना मळमळ आणि हगवण लागली. चरबी देताच प्रकृती ताळ्यावर आली. ध्रुवाकडच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होते. कोरड्या मांसावर माणूस जगत नाही हे त्यांना अनुभवाने कळले होते. डॉक्टरांना ते प्रयोगाने कळले. वर्ष संपले तेव्हा दोघेही ठणठणीत होते, 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही त्यांना झाला नव्हता. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. या प्रयोगाचा खर्च अमेरिकेतल्या मांसविक्रेत्यांच्या संस्थेने उचलला होता. म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही. पण आहाराचा कोणताही सल्ला ऐकताना पैसा कोणाचा, हे विचारण्याची सवय असलेली बरी. शिवाय दोन माणसांवरून साऱ्या मानवजातीचा निकाल लावता येत नाही.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, आणि मला तो सर्वांत हृदयस्पर्शी वाटतो. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी हजारो वर्षे शिकार आणि कंदमुळांवर राहिले. गोरे लोक आले, जमिनी गेल्या. आदिवासी वस्त्यांत येऊन राहिले आणि मैदा, साखर, गोड पेये, दारू, स्वस्त चरबीचे मांस यांवर दिवस काढू लागले. त्यांच्यात मधुमेह झपाट्याने पसरला. केरिन ओडी या संशोधक बाईंनी १९८२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्बी गावाजवळच्या मोवांजुम वस्तीतल्या दहा मधुमेही माणसांना एक प्रश्न विचारला : सात आठवडे तुम्ही तुमच्या मूळ मुलखात जाऊन पूर्वीसारखे राहाल का? पाच पुरुष, पाच बायका, सारी मध्यम वयाची. ती तयार झाली.

दहाही जण आपल्या मुलखात परत गेले. काही दिवस समुद्रकाठी मासे धरून, काही दिवस आत नदीकाठी. कांगारू, पक्षी, कासव, मगर, रानटी कंद, अंजिरे, मध. जे मिळेल ते खाल्ले, दुकानातले काही नाही. सात आठवड्यांनी तपासले तेव्हा माणशी सरासरी आठ किलो वजन उतरले होते. उपाशीपोटीची साखर सरासरी २१० च्या आसपास होती, ती १२० च्या आसपास आली होती. रक्तातली चरबीही पुष्कळच खाली आली होती.

हे वाचून कोणीही म्हणेल, झाले तर मग, सिद्ध झाले! पण थांबा. ही माणसे दिवसाला सुमारे बाराशे उष्मांक एवढेच अन्न खात होती. म्हणजे पोटाला बेताचेच. त्यासाठी चालत होती, खणत होती, पाठलाग करीत होती. रानातले मांस कोरडे, त्यात चरबी थोडी. मग गुण कशाने आला? धान्य सोडल्याने, कमी खाल्ल्याने, चालण्याने, दारू व साखर सुटल्याने, की आपल्या जमिनीवर परत गेल्याच्या समाधानाने? ओडीबाईंनीही सारे श्रेय एका गोष्टीला दिले नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कोणता कंद कुठे खणायचा हे ज्ञान त्या माणसांच्या अंगात अजून शिल्लक होते, म्हणूनच हा प्रयोग होऊ शकला. तुम्हाआम्हाला तेथे नेऊन सोडले असते तर सात दिवसही निघाले नसते.

तिसरा प्रयोग स्वीडनचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. निरोगी वीस माणसांनी तीन आठवडे असा आहार करायचे ठरवले. शेवटपर्यंत टिकली चौदा. त्यांचे वजन सरासरी २.३ किलोने उतरले, रक्तदाबही थोडा कमी झाला. पण दूध बंद केल्याने शरीरात जाणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, निम्म्याहून खाली आला. तीन आठवड्यांत हाडे ठिसूळ होत नाहीत हे खरे. पण तेच वर्षानुवर्षे चालवले तर काय, ही शंका राहतेच. आणि वीसांतली सहा माणसे मध्येच गळाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता माझी कथा ऐका. पहिले चार दिवस उत्साहात गेले. सकाळी अंडी, दुपारी मासे नाहीतर कोंबडी आणि भरपूर पालेभाजी, संध्याकाळी रताळे, काकडी, एखादे फळ. पाचव्या दिवसापासून डोके जड, चिडचिड, वर्गात फळ्याकडे वळलो की डोळ्यांपुढे भाकरी. दहाव्या दिवशी ती तगमग कमी झाली. पण घरखर्चाचा हिशेब सौभाग्यवतींनी समोर ठेवला तेव्हा मी गप्प झालो. चौघांच्या महिन्याच्या ज्वारीला लागतात तेवढे पैसे माझ्या एकट्याच्या आठवड्याला लागले होते.

पंधराव्या दिवशी गावी गेलो. आमचे गाव घोड नदीच्या खोऱ्यातले. आई अजून गावीच असते. वय झाले, पण शाळवाच्या राशीला ती स्वतः हजर असते. तिने चुलीवरची भाकरी तव्यातून काढून विस्तवाशी लावली, टम्म फुगवली आणि माझ्या ताटात टाकली. मी ताट हळूच बाजूला सारले आणि कारण सांगितले. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आरं, भाकरीनं कुणाला रोग झाला असता तर आपलं समदं गाव कवाच मेलं असतं. तुझा आजा चार भाकरी खायचा, पण दिवसभर मोट हाकायचा. तू काय हाकतोस?"

मला उत्तर सुचले नाही. मी म्हटले, "आई, जुन्या काळची माणसं रानात मिळेल ते खायची, तसं करून बघतोय." तेव्हा ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. "आमी बी खाल्लंय की. बहात्तरच्या दुष्काळात. दिवसभर खडी फोडायची आन् सांजच्याला बरबड्याचं बी झोडून आणायचं. त्याची भाकर करायची. तुला हौस हाय, आमाला हौस नव्हती."

श्रोतेहो, १९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी सोसलेला आहे. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, हे शब्द ज्यांच्या कानी पडले आहेत त्यांना आईचे बोलणे वेगळे समजावून सांगायला नको. त्या वेळी ती सतरा वर्षांची होती. धान्य संपले तेव्हा माणूस पुन्हा गोळा करणारा झाला. आणि गोळा करून त्याने काय केले? गवताचे बी आणले, दळले आणि त्याची भाकरीच केली!

तिच्या या बोलण्याने माझे डोळे एका मुद्द्याकडे वळले. अश्मयुगातला माणूस धान्य खातच नव्हता, हे तरी खरे का? उत्खननाचा पुरावा वेगळे सांगतो. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो नावाचे ठिकाण आहे. तेथे सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानटी जव आणि रानटी गहू सापडले. दळण्याच्या दगडावर पिष्टाचे कण मिळाले. शेती सुरू व्हायच्या दहा-अकरा हजार वर्षे आधी! जॉर्डनमध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलाणात रोटीचे जळके तुकडे मिळाल्याचे २०१८ साली जाहीर झाले. तेही शेतीच्या आधीचे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले आदिवासीही गवताचे बी दळून रोटी भाजत. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या शिकारी लोकांचा रिचर्ड ली यांनी १९६० नंतरच्या दशकात अभ्यास केला. त्यांच्याही अन्नात निम्म्याहून अधिक भाग वनस्पतींचा, त्यातही मोंगोंगो नावाच्या कठीण कवचाच्या बियांचा, निघाला. तेव्हा शिकारी म्हणजे दिवसरात्र मांस खाणारा, हे चित्र पुरुषांच्या कल्पनेतले असावे. रोजचे पोट भरत होत्या त्या बहुधा खणत्या घेऊन रानात जाणाऱ्या बायका.

शरीर बदललेले नाही हाही मुद्दा अर्धाच खरा आहे. मोठेपणी दूध पचवण्याची शक्ती पुष्कळ लोकांत गुरे पाळू लागल्यानंतरच रुजली. म्हणजे काही हजार वर्षांतही शरीर थोडेफार बदलते.

मग शेतीने काहीच नुकसान केले नाही का? तसेही नाही. घोड नदीच्याच काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांनी ताम्रपाषाणयुगातले एक अख्खे खेडे जमिनीतून वर काढले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले हे आपले पूर्वज शेतकरी. जव हे त्यांचे मोठे पीक. जोडीला गहू, मसूर, कुळीथ अशी धान्ये. त्यांनी पाण्यासाठी पाट काढला, बांध घातला, धान्याची कणगी ठेवली. गुरे, शेळ्यामेंढ्या पाळल्या. पण हरणाची शिकार सोडली नाही, नदीतले मासे सोडले नाहीत आणि रानातली बोरेही सोडली नाहीत.

मी विद्यार्थ्यांना ते पांढरीचे टेकाड दाखवायला नेतो, तेव्हा एक गोष्ट सांगताना माझा आवाज खाली येतो. घरांच्या जमिनीखाली मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेले सापडले. त्यांत लहान मुलांचे सांगाडे होते. एक-दोन नव्हे, पुष्कळ. आयांनी आपली गेलेली लेकरे घराबाहेर नेली नाहीत, पायांखालच्या जमिनीत जवळ ठेवली. त्या मुलांच्या दुधाच्या दातांवर वाढ अडखळल्याच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या आहेत. शेतीने पोटाला धान्य दिले, पण दुष्काळ, रोगराई आणि एकाच पिकावर अवलंबून राहण्याची जोखीमही आणली. पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडले. ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. लोक पुन्हा गुराढोरांमागे आणि शिकारीमागे फिरू लागले. त्यांनीही एका परीने मागे जाऊन पाहिले. पण हौसेने नव्हे.

आता आपल्या परंपरेतली एक मौज सांगतो. थोड्या दिवसांचे अश्मयुग ही कल्पना अमेरिकेने काढली असे आपण म्हणतो. पण आपल्या घरातल्या बायका वर्षातून एक दिवस ते पाळतच आल्या आहेत. भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस, ऋषिपंचमी. या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही असा दंडक. नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य. परसात, कुंपणावर, हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढे चालते. मग अळू, सुरण, लाल माठ, पडवळ, शिराळे, भोपळा अशा भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात, आणि न पेरता उगवलेले देवभात कुठे मिळाले तर ते शिजवतात. या व्रताच्या कथेत विटाळाची जी कल्पना आहे ती आज कोणी मानू नये. पण बैलाला एक दिवस ऋण मानून बाजूला ठेवणे आणि नांगराच्या आधीचे अन्न आठवणे, यात मला शेतकरी समाजाची एक जुनी स्मृती दिसते. निदान तसे मानायला आवडते.

मात्र जुने म्हणून जे आपण खातो ते सारे जुने असते असे समजू नका. आपला उपवासाचा फराळ घ्या. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत ती गेल्या चार-पाचशे वर्षांत इकडे आली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिकडचाच. ज्वारी-बाजरी आली आफ्रिकेतून, पण ती हजारो वर्षांपूर्वी, आणि इथल्या मातीत अशी रुजली की आता ती आपलीच झाली. ताट सतत बदलत आले आहे. ते अमुक एका तारखेला थांबवून 'हेच खरे' म्हणता येत नाही.

माझे एकवीस दिवस पुरे झाले. वजन तीन किलोने उतरले. साखर ११८ ची १०६ झाली. मला आनंद झाला, नाही कसे म्हणू? पण मी प्रामाणिकपणे हिशेब केला. या एकवीस दिवसांत माझा चहातला साखरेचा रतीब बंद होता. बिस्किटे, फरसाण, बेकरीचे पाव बंद होते. रात्री उशिराचे जेवण बंद होते. आणि मासे आणायच्या निमित्ताने रोज दोन मैल चालणे झाले होते. गुण भाकरी सोडल्याचा की या साऱ्याचा? माझ्या एकट्याच्या प्रयोगावरून ते ठरत नाही. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "भाकरी घ्या, पण चाराच्या जागी दीड-दोन. साखर आणि बेकरी परत आणू नका. चालणे सोडू नका. मग पुन्हा तपासू." त्याप्रमाणे वागलो. तीन महिन्यांनी आकडा १०४ होता, आणि ताटात भाकरी होती.

तेव्हा या प्रयोगातून घ्यायचे काय? एक, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी कोणाचे ऐकून अचानक धान्य बंद करू नये. औषध तेवढेच आणि अन्न कमी झाले तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतते. आधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी आणि वाढत्या मुलांच्या बाबतीत तर हा खेळ करूच नये. दोन, पालेभाजी वाढवणे, साखर आणि मैदा टाळणे, अंगमेहनत करणे, या गोष्टींना अश्मयुगाचे नाव दिले काय अन् न दिले काय, त्या हिताच्याच आहेत. तीन, रानभाज्यांचे ज्ञान जपा. टाकळा, कुर्डू, पाथरी, शेवळे, करांदे ओळखणारी माणसे आपल्या गावात अजून आहेत. ठाकर, कातकरी बायका यात आपल्या गुरू आहेत. काही कंद विषारी असतात. ते चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून कसे खाण्याजोगे करायचे हे त्यांना ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियातल्या त्या दहा माणसांना हेच ज्ञान उपयोगी पडले होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना अश्मयुगाचा धडा शिकवताना हत्यारांची चित्रे काढून घेता, तसे एकदा त्यांना घरी पाठवून आजीला विचारायला लावा : धान्य नव्हते तेव्हा तुम्ही काय खाल्ले? ते वहीत लिहून आणू द्या. पुढची दहा-पंधरा वर्षे गेली की सांगणारे उरणार नाहीत.

एकविसाव्या दिवसानंतर मी पुन्हा गावी गेलो तेव्हा आईने काही विचारले नाही. पाट मांडला, भाकरी केली. एकच वाढली आणि बाजूला पाथरीची भाजी जरा जास्त घातली. म्हणाली, "एकच हाय. जेवल्यावर वावराला चक्कर मारून ये, मग पायजे तर आणिक देते." मी चक्कर मारून आलो. दुसरी मागायची गरज पडली नाही.